खोडरबरातून ठसा: पहिल्यांदाच कोरणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या अक्षरी ठशावर 'धागा' उमटायला हवं होतं. ताई भरतकाम करते, तिच्या पाकिटांवर छापायला म्हणून दोन संध्याकाळी मान मोडून तो कोरला. अक्षरं उलटी काढायची हे माहीत होतं, तशी ती काढली. रेषा सरळ आल्या, कडा स्वच्छ आल्या. शाई लावून कागदावर दाबला, तर छान, काळंभोर, ठसठशीत 'घागा'.

"घागा? हे कोण?" ताईने विचारलं.

कोरण्यात काहीच चुकलं नव्हतं. चूक झाली होती पेन्सिलीने शब्द काढताना. (कशी, ते तिसऱ्या पायरीत सांगते.) त्यानंतर बरेच ठसे कोरले, बरेच फेकले. फेकलेल्यांचा हिशेब मांडला तर निम्म्याहून जास्त पातं टेकवण्याआधीच बिघडलेले होते. कुठे रबर चुकीचं, कुठे रेषा फार बारीक, कुठे चित्र उलटं. म्हणून इथे कोरण्याइतकीच जागा कोरण्याआधीच्या कामांना दिली आहे. चित्रकला येत नसली तरी अडत नाही. चित्र गिरवता येतं ना, मग झालं.

सोयीसाठी एवढं ठरवून घेऊ: कोरलेल्या रबराला 'ठसा' म्हणायचं आणि कागदावर जे उमटतं त्याला 'छाप'.

जवळ काय काय हवं

- पांढरी, गुळगुळीत व्हिनाइलची खोडरबरं, दोन-तीन. पहिलं वाया जाणार आहे हे धरूनच चला.
- टोकदार पात्याचा क्राफ्ट चाकू (११ क्रमांकाचं पातं) आणि जादा पाती
- लिनो कटर: लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ आणि तिच्यात बसणारी बदलती पाती
- ट्रेसिंग पेपर, २बी किंवा ४बी पेन्सिल, बारीक टोकाचं पेन
- कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा, दुहेरी चिकटपट्टी
- स्टॅम्प पॅड दोन: एक गडद, एक फिक्या रंगाचा
- जुना टूथब्रश, ओलं फडकं, रद्दी कागद

चाकू आणि खोडरबर एवढ्यावरही सुरुवात होते. माझे पहिले सात-आठ ठसे तसेच झाले.

१. रबर पारखून घ्या

नाव 'रबरी ठसा' असलं तरी आपण कोरतो ते बहुतेक वेळा रबर नसतंच. पांढरं, मऊसर, 'प्लास्टिक' किंवा 'व्हिनाइल' असं लिहिलेलं खोडरबर पीव्हीसीचं असतं, आणि कोरायला तेच उत्तम. पातं त्यात अडखळत नाही आणि कड मोडत नाही. शाळेच्या दप्तरात असतं ते गुलाबी किंवा दुरंगी खोडरबर मात्र टाळा. ते किंचित खरखरीत असतं, बारीक रेषेच्या कडेला त्याचा चुरा होतो.

पारख सोपी आहे. कोपऱ्यावरून नखाएवढी चकती कापा. काप अखंड निघाला आणि खालची बाजू गुळगुळीत दिसली, तर रबर कामाचं. भुगा पडला, तर ते खोडायलाच ठेवा. वर्षानुवर्षं खणात पडून राहिलेलं खोडरबर हलकं वाकवून बघा. भेगा दिसल्या तर त्यावर वेळ घालवू नका.

चित्र मोठं असेल तर कोरीवकामासाठीच बनवलेल्या लाद्या मिळतात. स्पीडबॉल कंपनीची गुलाबी 'स्पीडी-कार्व्ह' ही त्यातली सर्वांत ओळखीची. अशी लादी हव्या त्या आकारात कापून घेता येते. लिनोलियम मात्र पहिल्या महिन्यात नको. ते कडक असतं, जोर लावावा लागतो, आणि नवख्या हाताने जोर लावला की पातं घसरतं.

खोडरबर कोरणं हा पोरखेळ आहे असं कोणी म्हणालं, तर जपानकडे बोट दाखवा. तिथे या कलेला 'केशिगोमु हान्को', म्हणजे खोडरबराचा शिक्का, असं सरळ नाव आहे. नान्सी सेकी (१९६२–२००२) ही तिथली टीव्ही-समीक्षक आपल्या सदरांसाठी नामवंतांचे चेहरे खोडरबरात कोरायची, आणि शब्दांइतकीच त्या ठशांसाठीही ओळखली जायची.

एक सावधगिरी आत्ताच सांगते. पीव्हीसीचं रबर लेझर मशीनमध्ये घालू नका आणि जाळू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनही गंजवतो. लेझरने ठसे बनवतात ते वेगळ्या, त्यासाठीच्या रबराचे.

२. हत्यारं: थोडी, पण धारदार

लिनो कटरच्या पात्यांचे दोन मुख्य प्रकार. टोक इंग्रजी 'व्ही'सारखं असलेलं पातं रेषा कोरतं, 'यू'सारखं असलेलं पातं जागा मोकळी करतं. स्पीडबॉलच्या संचात १ क्रमांकाचं पातं बारीक 'व्ही' असतं आणि ५ क्रमांकाचं रुंद 'यू'. या दोन पात्यांवर माझं बहुतेक काम भागतं. मधली पाती डबीत झोपलेली असतात.

बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचं. धार गेली की आपण नकळत जोर वाढवतो, आणि जोरात असलेलं पातं सुटलं की थांबत नाही. चाकूचं पातं कापताना करकरायला लागलं किंवा कड फाटल्यासारखी दिसली, की लगेच बदला. व्ही आणि यू पाती चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून घासली की बराच काळ टिकतात.

आणि एक नियम, याला अपवाद नाही: रबर धरलेला हात कायम पात्याच्या मागे, कधीच समोर नाही. खोडरबर एवढंसं असतं, बोटं आपोआप पुढे येतात. म्हणून ते दुहेरी चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर चिकटवा आणि पुठ्ठा धरा. बोटं आपसूक लांब राहतात, आणि पुढे रबर फिरवायलाही हाच पुठ्ठा कामी येतो.

३. चित्र ठरवा: काय राहणार, काय जाणार

ठशात जे राहतं ते छापलं जातं, जे कोरून काढतो ते कोरं राहतं. वाचताना हे अगदी सोपं वाटतं. प्रत्यक्ष पातं हातात आलं की डोकं पेन्सिलीच्या सवयीने चालतं आणि आपण रेषेवरूनच पातं फिरवतो. त्यामुळे चित्र काढून झालं की जे राहणार ते पेनाने काळं भरून टाका. नुसत्या बाह्यरेषांवर भरवसा ठेवू नका. काळं ते ठेवायचं, पांढरं ते काढायचं. कोरताना मग विचार करावा लागत नाही.

पहिल्या ठशासाठी पान घ्या. एका पानाचा भरीव आकार, आणि त्यात शिरा कोरून काढलेल्या. इथे रेषा कोरायच्या आहेत, वाचवायच्या नाहीत, म्हणून एखादी शीर वाकडी गेली तरी ती पानाचीच वाटते. उलट, मांजराच्या मिशा काळ्या रेषेत ठेवायच्या म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर काढून मधे केसाएवढी भिंत उभी ठेवायची. ते दहाव्या ठशाला करा. सुरुवातीला राखायची कोणतीही रेषा एक मिलिमीटरपेक्षा बारीक नको. माझ्या पहिल्या मांजराची एक मिशी तुटली. शेवटी उरलेल्या पाचही उडवल्या, मांजर मिशांवाचून बरं दिसलं.

आता उलट-सुलटचा प्रश्न. ठसा आरशासारखं वागतो. रबरावर उजवीकडे बघणारा पक्षी कागदावर डावीकडे बघतो. पक्ष्याचं काही बिघडत नाही, अक्षरांचं बिघडतं. अक्षरं रबरावर सरळ वाचता आली, तर कागदावर ती उलटीच येणार. पेन्सिलीचं चित्र ट्रेसिंग पेपरवरून रबरावर उतरवलं तर ही पलटी आपोआप होते (पुढची पायरी). थेट रबरावर पेनाने काढलंत तर स्वतः उलटं काढावं लागतं. शंका आली की रबर आरशासमोर धरा. आरशात दिसेल तीच तुमची छाप.

देवनागरीची आणखी एक गंमत आहे, आणि 'घागा' तिथेच जन्मला. आपण शब्द लिहितो आणि मग वरून एका झटक्यात शिरोरेषा ओढतो. मीही तसंच केलं. पण 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांत डोळ्याला मुख्य फरक दिसतो तो शिरोरेषेच्या तुटीचा. लिहिताना ती तूट ठेवली नाही तरी संदर्भाने शब्द कळतो. ठशात एकच शब्द असतो, त्याला संदर्भ कुठला? म्हणून चित्र काढतानाच ती फट लेखणीने होते त्याहून जरा जास्त, दीड-दोन मिलिमीटरची ठेवा.

माझा ठसा मात्र वाचला. 'ध'च्या डोक्यावरची शिरोरेषा मी चाकूने तेवढी उडवली आणि 'धागा' परत आला. हेच जर उलटं झालं असतं, म्हणजे 'म' हवा असताना फट पडून 'भ' झाला असता, तर इलाज नव्हता. जास्तीचं राहिलेलं नंतर काढता येतं, निघालेलं परत बसत नाही. कुठलीही शंका आली की रबर ठेवण्याच्या बाजूने कौल द्या.

अक्षरांबद्दल आणखी दोन बारकावे. अनुस्वाराचा टिंब हा एकटा उभा खांब असतो. त्याला पायाशी भरपूर रबर ठेवलं नाही तर तो डुलतो आणि छापेत पुसट येतो. शक्य असेल तिथे टिंब जरा मोठा काढा. आणि 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ. लहान अक्षरात तिच्या दोन बाजूंची दोन भोकं इतकी चिमुकली होतात की शाईने भरून जातात आणि 'ब'चा डाग होतो. पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी उंचीच्या अक्षरांत सुरुवातीला पडू नका.

४. चित्र रबरावर उतरवा

नव्या खोडरबरावर बऱ्याचदा पावडरीचा थर असतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. कंपनीचं नाव छापलेली बाजू खाली.

मग एक छोटी युक्ती, जी मला फार उशिरा कळली. फिक्या रंगाचा स्टॅम्प पॅड रबरावर हलके थोपटून सगळा पृष्ठभाग रंगवा आणि पूर्ण वाळू द्या. आता कोरलेली जागा पांढरी दिसेल, न कोरलेली रंगीत. पांढऱ्यावर पांढरं कोरताना डोळ्यांना जो ताण पडतो तो जातो, आणि छाप कशी येईल याचा अंदाज कोरतानाच येत राहतो.

उतरवायचं असं: ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, ठेवायचे भाग गडद भरा. कागद पालथा करून रबरावर ठेवा, एका बाजूने चिकटपट्टी लावा आणि पाठीवरून चमच्याच्या पाठीने किंवा नखाने घासा. कागद हलू द्यायचा नाही. एक कोपरा उचलून बघा, कुठे पुसट असेल तर परत टेकवून घासा. शिसं हाताने फासतं, म्हणून उतरलेल्या रेषा बारीक पेनाने गिरवून घ्या आणि कोरताना तळहाताखाली कागदाचा कपटा ठेवा.

छापील चित्र वापरायचं असेल तर फोटोकॉपी किंवा लेझर प्रिंट पालथी ठेवून मागून असिटोनचा बोळा टिपतात. टोनर विरघळून रबराला लागतो. इंकजेट प्रिंटला हा उपाय लागू नाही. असिटोन व्हिनाइललाही मऊ करतं, म्हणून बोळा जेमतेम ओला ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि रबर पुन्हा घट्ट झाल्याशिवाय कोरायला घेऊ नका. मला स्वतःला पेन्सिलच बरी वाटते. चुकलं तर पुसता येतं, आणि पुसायला खोडरबर शोधावं लागत नाही.

५. कोरा

इथे घाई करू नका. पूर्ण ठशाची गुणवत्ता दोन सवयींवर ठरते.

पहिली सवय: हात स्थिर, रबर फिरतं. वळणदार रेषा कोरायची असेल तर पातं वळवू नका. पातं एका जागी सरळ पुढे ढकला आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठा हळूहळू फिरवा, कुंभाराचं चाक फिरतं तसा. वर्तुळ कोरताना हे लगेच पटतं. मनगट वळवून काढलेलं वर्तुळ नेहमी बटाट्यासारखं येतं.

दुसरी सवय: पात्याचा कल. चाकूने रेषेच्या कडेने कापताना पात्याचं टोक रेषेच्या खाली घुसता कामा नये. चाकूची मूठ रेषेकडे झुकलेली आणि टोक रेषेपासून दूर, काढायच्या भागाकडे गेलेलं हवं. म्हणजे राहणाऱ्या रेषेला टेकडीसारखा उतार मिळतो, माथा अरुंद आणि पाया रुंद. याच्या उलट झालं तर रेषेची बुडकी पोखरली जाते. वरून ती ठीक दिसते, पण दाबल्यावर कलंडते, आणि दहा-वीस छापांनंतर तुटून पॅडवर चिकटलेली सापडते.

चाकूने एक रेषा काढायची म्हणजे दोन काप: एक इकडून तिरका, एक तिकडून तिरका, दोन्ही तळाशी मिळतात. मधली पाचर टोकाने उचलली की सुरळीत निघून येते. न निघाल्यास ओढू नका, कुठेतरी काप मिळालेला नाही. परत काप मारा.

व्ही पात्याचं वेगळं. ते जमिनीला जवळजवळ समांतर, फार तर तीस अंशांच्या कोनात धरा. मूठ तळहातात, तर्जनी पात्याच्या पाठीवर. पुढे ढकलताना 'व्ही'ची वरची दोन टोकं सतत रबराच्या वर दिसली पाहिजेत. ती बुडाली की पातं कापायचं सोडून फाडायला लागतं. खोली दीड-दोन मिलिमीटर भरपूर झाली. काप संपवताना मूठ खाली दाबा, टोक वर येतं आणि सालपट सुटतं.

कोपऱ्यांमध्ये गोंधळ होतो. दोन रेषा मिळतात त्या आतल्या कोपऱ्याकडे पातं आणलं तर ते हमखास पुढे जाऊन पलीकडची रेषा चिरतं. म्हणून कोपऱ्यातून सुरुवात करा आणि मोकळ्या जागेकडे जा. चांदणी कोरताना प्रत्येक खाच अशी आतून बाहेर कोरली तर एकही टोक तुटत नाही.

क्रमाचंही महत्त्व आहे. डोळे, शिरा, अक्षरांच्या पोटातली भोकं, असलं बारीक काम सर्वांत आधी, आजूबाजूचं रबर शाबूत असताना. कारण तेव्हा त्या चिमुकल्या भागांना चारी बाजूंनी आधार असतो. त्यानंतर बाह्यरेषा. मोठी मोकळी जागा सगळ्यात शेवटी, यू पात्याने. मी एकदा उत्साहात आधी सगळी पार्श्वभूमी साफ केली आणि मग माशाचा डोळा कोरायला बसले. अख्खा मासा पात्याबरोबर डुगडुगत होता.

मान अवघडली की उठा. माझ्या बहुतेक चिरा "एवढं संपवूनच उठते" या वाक्यानंतरच्या आहेत.

६. कच्ची छाप घ्या

टूथब्रशने कपचे झाडा, पेन्सिल-पेन पुसा (नाहीतर पहिल्या छापा राखाडी येतील) आणि रद्दी कागदावर एक छाप घ्या. मोकळ्या जागेत फटकारे उमटलेले दिसतील. यू पात्याच्या दोन चरांमध्ये राहिलेले हे उंचवटे असतात. ते कुठे आहेत ते छापेवर गोल करून ठेवा, पण लक्षात असू द्या की ठशावर ते आरशातल्यासारखे पलीकडच्या बाजूला असतील. मी दोनदा नको ती बाजू तासली आहे.

सगळे फटकारे काढलेच पाहिजेत असं नाही. पानाभोवती दोन-चार तिरक्या रेघा राहिल्या तर हाताने कोरल्याची खूण दिसते, मला त्या आवडतात. अक्षरांभोवती मात्र साफ करा. थोडं काढा, परत छापा, परत बघा. तीन-चार कच्च्या छापा लागतात.

रेषा तुटलीच तर गोंदाने चिकटवायच्या नादी लागू नका, व्हिनाइलवर तो जोड टिकत नाही. चित्रच थोडं बदला.

७. शाई आणि छाप

ठसा पॅडवर दाबायचा नाही. ठसा उताणा हातात धरा आणि पॅड त्यावर हलके थोपटा. पॅडवर दाबलं की शाई चरांत शिरते आणि कडांना मिशा फुटतात. उंच गादीचे पॅड यासाठी सोयीचे, कारण पॅडपेक्षा मोठ्या ठशालाही ते थोपटत नेता येतात. खोलगट डबीतले पॅड ठसा मोठा झाला की अडतात.

पातळ, पाण्यासारखी डाय शाई लवकर वाळते, पण नव्या गुळगुळीत व्हिनाइलवर तिचे थेंब जमतात. ठसा साबणाने धुऊन, अगदी बारीक पॉलिशपेपर एक-दोनदा हलकेच फिरवला की शाई पसरते. पिगमेंट शाई दाट असते, भरीव आकारात ती उठून दिसते, मात्र वाळायला वेळ घेते. प्लास्टिक-काचेवर छापायच्या सॉल्व्हंट शाया व्हिनाइलच्या ठशावर वापरू नका, पृष्ठभाग खराब होतो. कापडावर छापायचं असेल तर कापडाचीच शाई घ्या, कापड आधी धुऊन खळ काढा, आणि छापल्यावर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे इस्त्रीने रंग पक्का करा.

कागदाखाली टेबल कडक आणि सपाट हवं, वर एक-दोन रद्दी कागद. जाड मऊ गादी ठेवली तर मऊ रबर तिच्यात रुततं आणि कोरलेली पार्श्वभूमीही छापली जाते. ठसा सरळ खाली टेकवा, सगळीकडे सारखा दाबा, मनात दोन मोजा, दुसऱ्या हाताने कागद धरून सरळ वर उचला. डावी-उजवी डोलवण्याची सवय कार्यालयातल्या शिक्क्यांची आहे, इथे तिने दुहेरी कड येते.

ठसा तळहाताहून मोठा असेल तर बाजू पलटा: ठसा उताणा टेबलावर, त्यावर कागद, आणि पाठीवरून चमच्याने घासा. भरीव भाग जास्त घासा, कडांवर हात हलका.

दोन रंग हवे असतील तर रंगागणिक वेगळा ठसा लागतो, आणि ते जुळवणं हीच डोकेदुखी. उपाय सोपा आहे. पहिला ठसा गुळगुळीत कागदावर छापा आणि शाई ओली असतानाच तो कागद दुसऱ्या रबरावर पालथा दाबा. पहिलं चित्र दुसऱ्या रबरावर बरोबर उलटं उतरतं, हवं तसं. त्यातला दुसऱ्या रंगाचा भागच फक्त ठेवून बाकी कोरून टाका. दोन्ही रबरं एकाच मापाची कापलेली असली की कोपऱ्याला कोपरा लावून छापता येतं.

८. मूठ, सफाई, साठवण

चित्राभोवतीचं जादा रबर कापा, पण अगदी रेषेला चिकटून नको, आणि कापही बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. मूठ हवी तर लाकडाचा ठोकळा पाठीला चिकटवा. मी बरेच ठसे बिनमुठीचेच वापरते आणि छापताना पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला दुहेरी चिकटपट्टीने लावते. आरपार दिसत असल्याने जागा नेमकी साधते. पाठीवर 'वर' असं लिहून बाण काढा. गोल ठसा अंधारात चाचपडल्यासारखा फिरवत बसायची वेळ येत नाही.

काम झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसा, चरांतली शाई टूथब्रश आणि सौम्य साबणाने काढा. डाग राहतात, राहू द्या. डाग घालवायला असिटोन किंवा थिनर लावू नका.

आणि प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या प्लास्टिकला विरघळवून चिकटतं. खोडरबर कागदी वेष्टणात विकतात ते यासाठीच. मला हे ठाऊक नव्हतं. सहा ठसे एका प्लास्टिकच्या डबीत, तोंडाला तोंड लावून, उन्हाळाभर पडले होते. डबी उघडली तेव्हा ते एकमेकांना आणि तळाला असे चिकटले होते की सोडवताना तिघांची तोंडं सोलली. आता प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवते, आणि वेष्टणावर त्याचीच एक छाप मारते, म्हणजे आत कोण आहे ते उघडल्याशिवाय कळतं.